लांब बासरी, आखूड बासरी

डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात दादाचं घर आहे. घराला गॅरेज आहे आणि गॅरेजात १९८९ सालची शेव्हरोले कॅमॅरो, आयरॉक-झी. इंजिन मूळचं ३५० घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटर. गेल्या हिवाळ्यात दादाने ते खाली उतरवलं, बोअर तीस थाऊ वाढवला, ४०० घनइंची इंजिनाच्या मापाचा पावणेचार इंच स्ट्रोकचा क्रँक घातला. झालं ३८३ घनइंच, जवळजवळ ६.३ लिटर. हेड नवे, ॲल्युमिनियमचे. कॅमही नवा, चढा. वर मात्र कंपनीचंच इनटेक मेनिफोल्ड. मधोमध एक चपटी पेटी, तिच्या दोन्ही बाजूंनी चार-चार नळ्या बाहेर पडतात, वळून खाली येतात आणि खालच्या बैठकीत शिरतात. दिसायला मोठं देखणं. भांडणाचं मूळही तेच.

भांडणातला दुसरा पक्ष म्हणजे आमचे मामा. मूळचे सांगलीचे. तीस वर्षं इथल्या वाहन उद्योगात इंजिनाच्या टेस्टिंग रूममध्ये काढून आता निवृत्त. ऑगस्टातल्या एका शनिवारी मी चहाचे कप घेऊन गॅरेजात गेले आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. त्या दिवशी जे ऐकलं, ते जमेल तसं मांडते.

मामा : आधी दुखतंय कुठं ते सांग. औषध मागाहून.

दादा : दुखणं एकच. खालून गाडी बैलासारखी ओढते, साडेचार हजार आरपीएमच्या पुढे धाप लागते. आवाज वाढतो, काटा चढतो, पण ओढ संपलेली असते. कंपनीच्या छोट्या, ३०५ घनइंची इंजिनाला पुरणाऱ्या नळ्या ३८३च्या तोंडाला लावल्यावर दुसरं काय होणार?

मामा : ३०५ला पुरणाऱ्या कशा? १९८५ साली ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन आलं, तेव्हा कॉर्व्हेटच्या ३५०वरसुद्धा हेच होतं.

दादा : होतं ना. आणि ते ३५०सुद्धा सव्वादोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरच्या घरातच राहिलं. हिशेब करा. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण पोट भरतं. ५५०० आरपीएमला ३०५ला मिनिटाला ४८५ घनफूट हवा लागते, ३८३ला ६१०. पाव हिश्शाने भूक वाढली आणि घसा तोच, आतून जेमतेम दीड इंचाचा.

मामा : भुकेचा हिशेब बरोबर. पण तू त्या नळीला नुसता पाण्याचा पाइप समजतोयस. ती बासरी आहे.

मला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी मध्ये तोंड घातलं. मामांनी कपाखालची बशी बाजूला केली आणि बोटाने टेबलावर एक लांब रेघ ओढली.

मामा : हे बघ. या टोकाला इनटेक व्हॉल्व्ह, त्या टोकाला वरची पेटी, म्हणजे प्लेनम. व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टन खाली जातो, नळीतली हवा ओढली जाते. त्या ओढीची लाट उलटी वर पळते, आवाजाच्या वेगाने, सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर. पेटीत पोचली की तिला मोकळं मैदान मिळतं आणि तिथून ती पालटून परत फिरते. जाताना कमी दाबाची होती, येताना जास्त दाबाची. ती परत येईस्तोवर व्हॉल्व्ह उघडा असेल, तर सिलिंडरमध्ये दोन घास जास्तीचे कोंबते. उशीर झाला तर दार बंद.

दादा : आता त्याचंच गणित माझ्याकडून ऐक. व्हॉल्व्हपासून पेटीपर्यंत साधारण बावीस इंच. जाऊन-येऊन चव्वेचाळीस, म्हणजे सव्वा मीटरला थोडं कमी. लाटेला तीन-सव्वातीन मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला क्रँकची एक फेरी वीस मिलिसेकंदांची, ६०००ला दहाची. लाट आपल्या चालीनेच चालणार, इंजिन मात्र दुप्पट घाईत. म्हणून लांब नळी खालच्या आरपीएमला सुरात लागते आणि वर गेलं की बेसूर होते. बासरी तुम्हीच म्हणालात, मामा. लांब बासरीचा सूर खालचा, आखूड बासरीचा वरचा. मला आखूड हवी.

मामा : हवी, पण गाणार कोणत्या पट्टीत? ते आधी ठरव. पुढच्या आठवड्यात वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ आहे. १९९५पासून बघतोय मी. हजारो गाड्या गोगलगाईसारख्या सरकतात. दिवसभरात दीड हजार आरपीएमच्या वर जायचा तुला चान्स मिळाला तर सांग.

दादा : ती जत्रा वर्षातून एकदा. बाकीच्या दिवसांचं बोला.

मामा : बोलतो. तुझं मागचं गिअर ३.२७. टॉपला ओव्हरड्राइव्ह ०.७०. फ्रीवेवर ताशी साठ मैलांना इंजिन अठराशेवर फिरतं. आता पाय दाब. पहिल्या गिअरला ५००० आरपीएम म्हणजे अडतीस मैल. दुसऱ्याला ५००० म्हणजे सत्तर, मिशिगनच्या बहुतेक फ्रीवेंची मर्यादा. म्हणजे तू ज्या साडेपाच-सहा हजारांसाठी खिसा रिकामा करणार, तिथे पोचल्यावर दुसऱ्याच गिअरला पोलीस मागे लागलेला असेल.

दादा : आणि पहिल्या गिअरला? तो तर रोजचा आहे.

मामा : पहिला गिअर टाकून दुसरा पडतो तेव्हा काय होतं ते सांग. तुझी ऑटोमॅटिक, ७००आर४. पहिला ३.०६, दुसरा १.६३. मधे दरी आहे, दरी. ५०००ला गिअर पडला की काटा २६५०वर येऊन आदळतो. तिथून गाडीला उचलणार कोण? हीच लांब बासरी. आखूड लावलीस तर दर गिअरला एक झोपेचा झटका.

इथे मला वाटलं, मामा जिंकले. दादा स्टुलावरून उठला, मागच्या चाकापाशी गेला आणि टायरवर हात फिरवून काळी पडलेली बोटं आमच्यापुढे धरली.

दादा : हा बघा तुमचा खालचा टॉर्क. सिग्नल सुटल्यावर अर्धी रेस दिली तरी मागची चाकं जागच्या जागी फिरतात. मधे दोन टायर घासून घालवले. रस्त्याला लागतच नाही तो टॉर्क, नुसता धूर होतो. आणि दरीचं म्हणता, तर इंजिन वर श्वास घेऊ लागलं की मी ५८००ला गिअर पाडीन. मग काटा ३१००वर येईल. ३०५ला ३१०० म्हणजे खड्डा असेल. ३८३ला नाही. त्याच्याहून अठ्ठ्याहत्तर घनइंच जास्त आहेत ते कशाला? छोट्या इंजिनाला खाली दम नसतो, म्हणून कंपनीने त्याला लांब नळीची काठी दिली. धडधाकट माणसाला कशाला काठी?

मामा : मोठ्या इंजिनाला लांब नळी लागत नाही, हे कोणी सांगितलं तुला? याच गावची गोष्ट आहे. १९६० सालची क्रायस्लर ३००एफ. ४१३ घनइंच, तुझ्याहून थोरलं. त्यावर तीस इंची नळ्या होत्या. इतक्या लांब की डावीकडच्या कार्ब्युरेटरची हवा उजवीकडच्या सिलिंडरांना जायची आणि उजवीकडची डावीकडे. टॉर्क ४९५ फूट-पौंड, आणि तोसुद्धा २८००ला.

दादा : अर्धीच गोष्ट सांगता तुम्ही. त्याच गाडीसाठी दुसरं मेनिफोल्ड पण होतं. बाहेरून हुबेहूब तेच, आतल्या दोन नळ्यांमधली भिंत अर्धी काढून टाकलेली. बाहेरून तीस इंच, लाटेच्या हिशेबाने पंधरा. ३७५ हॉर्सपॉवरचे ४०० झाले.

मामा : झाले. आणि टॉर्क थोडा उतरला, वर सरकला. पण ते मेनिफोल्ड किती गाड्यांना मिळालं? मोजक्या. रेसवाल्यांना. दुकानात जाऊन गाडी घेणाऱ्याला कंपनीने लांबच दिली. दोन्ही बासऱ्या हाताशी असताना रस्त्यासाठी कोणती निवडली, हे बघायला नको?

दादा : मग १९९२ बघा. जनरल मोटर्सने स्वतः लांब नळ्या सोडल्या. कॉर्व्हेटला नवं एलटी१ आणलं, घनइंच तेच ३५०, नळ्या आखूड. २४५चे ३०० हॉर्सपॉवर.

मामा : आणि हेड? कॉम्प्रेशन? पाणी आधी हेडला आणि मग ब्लॉकला फिरवायची नवी पद्धत? पाच जणांनी मिळून पालखी उचलली आणि तू श्रेय एकाला देतोस. शिवाय टॉर्कचा सगळ्यात वरचा आकडा त्यांचाही वाढला नाही.

दादा : वाढला नाही, पण वरपर्यंत टिकला. मला तेच हवं.

मामा थोडे थांबले. हे शेवटचं वाक्य त्यांना आवडलं असावं, पण तसं काही न म्हणता ते कोपऱ्यातल्या खोक्याकडे वळले. आत ५८ मिलिमीटरची जुळी थ्रॉटल बॉडी होती. कंपनीची मूळ ४८ची.

मामा : ही कशाला आणलीस?

दादा : तोंड मोठं केलं की हवा जास्त जाईल, म्हणून.

मामा : मोजलंस?

दादा गप्प. मामांनी हत्यारांच्या पेटीतून एक जुना व्हॅक्यूम गेज काढला, प्लेनमच्या एका टोकावरची रबरी नळी उपटून तिथे त्याची नळी जोडली, बॉनेटच्या मागच्या फटीतून ती आत घेतली आणि गेज काचेला चिकटपट्टीने चिकटवला. मी मागच्या सीटवर घडी करून बसले. माणसांसाठी ती सीट बनवलेलीच नाही. आयडलिंगला काटा पंधरा इंचांजवळ थरथरत होता. फ्रीवेच्या चढावर दादाने पाय पूर्ण दाबला. पहिला गिअर, दुसरा, काटा ५०००ला टेकला. गेज मात्र शून्यापासून अर्धा इंचही हलला नाही. माझं पोट तेवढं हललं.

परत आल्यावर मामा म्हणाले, खोकं उघडू नको, परत पाठवून दे.

मामा : पूर्ण रेसला पेटीत ओढ दिसली असती, तर थ्रॉटल बॉडी तोकडी, फिल्टर तोकडा. ओढ नाही, म्हणजे पेटी भरलेली आहे. कोठार भरलंय, त्याचं दार मोठं करून काय मिळणार? अडलंय ते कोठारापासून चुलीपर्यंतच्या वाटेत.

दादा : म्हणजे नळ्यांत. म्हणजे मी म्हणत होतो तेच.

मामा : नळ्यांत, नाहीतर बैठकीत. तेवढं तुझं कबूल. माझं काय कबूल, ते तू सांग.

दादा : खोकं परत जाईल, हे.

दोघे हसले. भांडणाची धार तिथे बोथट झाली आणि मग खरं काम सुरू झालं. मामांनी टॉर्च घेऊन मेनिफोल्डची बैठक न्याहाळली. मधल्या चार बोल्टांपाशी त्यांचा हात थांबला.

मामा : ही भोकं लांबट कोणी केली?

गोष्ट अशी. १९८७पासून कंपनीने लोखंडी हेडांवरच्या मधल्या चार बोल्टांचा कोन बदलला. दादाचे नवे हेड जुन्या कोनाचे. कुठल्याशा मशीन शॉपने बैठकीची भोकं घाईघाईत कोरून बोल्ट ओढून बसवले. बोल्टाचं डोकं एका कडेवर टेकलेलं, दुसरी कड अधांतरी. तिथून गॅस्केट सुटलं आणि खालच्या दरीतलं तेल नळ्यांत ओढलं जाऊ लागलं. महिनाभर सायलेन्सरमधून निळा धूर. दादाने बैठक पुन्हा उतरवून नवं गॅस्केट घातलं, पुढच्या-मागच्या कडांना कॉर्कच्या पट्ट्यांऐवजी सिलिकॉनची जाड वात दिली, तेव्हा धूर थांबला. भोकं मात्र तशीच राहिली.

मामा : मेनिफोल्ड कोणतंही घे, पण आधी हे सरळ कर. तिरकी वॉशर बनवून घे. हवा चोरून आत आली, तर तुझी सगळी गणितं पाण्यात. आता पेट्रोलचं सांग. इंजेक्टर कोणते?

दादा : मूळचेच. तासाला बावीस पौंडांचे.

मामा : एका हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पौंड पेट्रोल धर. आठ इंजेक्टर, त्यांना शंभरातले ऐंशी टक्केच राबवायचं. बावीसचे इंजेक्टर २८०पर्यंत सुखाने जातात. तुला ४०० हवेत ना? मग तिसाहून मोठेच घे. आणि कॉम्प्युटर?

दादा : १९८९ म्हणजे हवा मोजणारा सेन्सर असलेला. चिप बदलीन.

मामा : बदल, पण त्याची मर्यादा कळू दे. तो हवा सेकंदाला ग्रॅममध्ये मोजतो आणि आकडा एका बाइटमध्ये ठेवतो. एका बाइटमध्ये २५५च्या वर मावत नाही. सव्वातीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास हवा २५५ला टेकते. त्यापुढे इंजिन कितीही गिळो, तो म्हणणार २५५. हवा वाढते, पेट्रोल नाही. मिश्रण पातळ होतं, ठोका बसतो, एक दिवस पिस्टनला भोक पडतं. नवीन मेनिफोल्ड बसवून गाडी ट्यून न करणं म्हणजे घराला मजला चढवून जिना न बांधणं.

दादा : आणि १९९० ते ९२च्या गाड्यांत?

मामा : त्यांत हवा मोजणारा सेन्सर नाही. दाब, तापमान आणि आरपीएम बघून आत किती हवा असेल, ते तक्त्यावरून ठरवतात. तो तक्ता जुन्या नळ्यांवर बेतलेला. नळ्या बदलल्या की तक्ता खोटं बोलतो. मोजणारा एका आकड्यावर अडतो, अंदाज बांधणारा प्रत्येक आकड्यावर चुकतो. दोन्हीकडे शिकवणी लागतेच.

दुपार कलली होती. मामींनी आत जेवायला दोनदा हाक मारली होती. दादाने इतका वेळ मनात धरलेला प्रश्न शेवटी विचारलाच.

दादा : मग ठरलं काय? आखूड का लांब?

मामा : तुला कळसूबाई हवी का पठार?

दादा : म्हणजे?

मामा : कळसूबाई महाराष्ट्रात सगळ्यात उंच. पण गुरं चरायची तर पठारच लागतं. सहा हजारांवरचा आकडा म्हणजे कळसूबाई, डायनोच्या कागदावर वर दिसते, फोटो काढायला बरी. गाडी जगते ती २५०० ते ५५००च्या पठारावर. लांब नळीने तुझं पठार साडेचारला तुटतं, इथवर तुझं खरं. पार आखूड केलीस तर ते सुरूच साडेतीनला होईल, हे माझं खरं.

दादा : म्हणजे मधलं. जाड नळ्या, कोरलेली बैठक, लांबी जवळजवळ तीच. आणि शेजारच्या दोन नळ्यांमधली भिंत थोडी खाली आणायची, तुमच्या क्रायस्लरसारखी.

मामा : माझी क्रायस्लर? मघाशी तुझी होती की.

मग दादाने आणखी एक शंका काढली. मधलं मेनिफोल्ड पुरलं नाही आणि पुढेमागे आखूड नळ्यांचं उंच मेनिफोल्ड आणलं, तर बॉनेट लागेल का? मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी मला आत पाठवून कणकेच्या चार गोळ्या मागवल्या. मामींनी भुवया उंचावून दिल्या. प्लेनमच्या चार कोपऱ्यांवर त्या ठेवल्या, बॉनेट अलगद लावलं, परत उघडलं. गोळ्या चपट्या झाल्या होत्या. मामांनी प्रत्येकीत काडी खुपसून जाडी बघितली. तीन ठिकाणी एक इंचाला थोडी कमी, पुढच्या डाव्या कोपऱ्यात जेमतेम अर्धा इंच.

मामा : रेस दिली की इंजिन आपल्या रबरांवर एका बाजूला कलतं. या अर्ध्या इंचातलं तेवढं त्याचं. उरेल ते तुझं.

दादाने काडीकडे पाहिलं, मग बॉनेटकडे. काही बोलला नाही. कणकेच्या गोळ्या गोळा करून त्याने माझ्या हातावर ठेवल्या. चारींवर इंजिनाचं तेल आणि बॉनेटच्या आतल्या बाजूचा ठसा उमटला होता. स्वयंपाकघरात गेले तेव्हा मामींनी त्या हातात घेतल्या, एक उलटी करून बघितली आणि विचारलं, “यातलं कोण जिंकलं?”

मी म्हटलं, “बॉनेट.”